मान्यता कुणाची, कशाची आणि कधीपर्यंतची?

पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार. माझी धाकटी मुलगी यंदा मानसशास्त्र घेऊन ६१ टक्के गुणांनी एम.ए. झाली. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक रुग्णांची तपासणी आणि उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचे आहे. भंवरकुआ भागातल्या एका खासगी संस्थेने तिला दीड वर्षाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन क्लिनिकल सायकॉलॉजी’साठी जागा देऊ केली आहे. शुल्क दोन लाख चाळीस हजार रुपये असून वर्ग शनिवार-रविवारी आणि निम्मे ऑनलाइन आहेत. माहितीपत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’, ‘आय.एस.ओ. प्रमाणित’ आणि ‘नॅक ए श्रेणीच्या विद्यापीठाच्या सहकार्याने’ असे छापले आहे. डिप्लोमा झाल्यावर स्वतःचे क्लिनिक काढता येते, असे तिथले लोक तोंडी सांगतात. महिनाअखेरपर्यंत निम्मे पैसे भरले नाहीत तर जागा जाईल. एम.फिल. बंद झाल्याचे ऐकतो, त्यामुळे हाच एक रस्ता उरला आहे असे मुलीला वाटते. तिची आत्या न्यू जर्सीत असते. तिच्या मते मुलीने सरळ अमेरिकेत साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली डॉक्टरेट, करावे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि पैसा हिशेबाने खर्च करावा लागतो. मान्यता हा शेवटी एक सरकारी शिक्काच असेल, तर त्यापायी मुलीची वर्षे का घालवायची?
– एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

महिनाअखेर जवळ आली असल्यामुळे निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. हे पैसे आपण भरू नयेत. निदान काही प्रश्नांची लेखी उत्तरे संस्थेकडून हाती येईपर्यंत तरी भरू नयेत. ते प्रश्न कोणते हे पुढे लिहिले आहे. दरम्यान जागा गेली तर जाऊ द्यावी. पैसे वेळेवर न भरल्यास जी जागा जाते, पण जी मिळवायला प्रवेश परीक्षाही द्यावी लागत नाही आणि मुलाखतही, तिच्यासाठी जीव टांगणीला लावण्याचे कारण मला दिसत नाही.

कायद्यापासून सुरुवात करते, कारण तो कोरडा असला तरी आपल्या मुलीचा प्रश्न बहुतांशी तिथेच सुटतो. भारतीय पुनर्वास परिषद, जिला या क्षेत्रात सगळे आर.सी.आय. म्हणून ओळखतात, ती १९९२ च्या कायद्यान्वये काम करते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा त्या कायद्याने नाव घेऊन आपल्या कक्षेत आणलेला व्यवसाय आहे. अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवणे, तो चालवू इच्छिणाऱ्या संस्थेची तपासणी करून तिला मान्यता देणे आणि तिथून उत्तीर्ण झालेल्यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद करणे, ही तिन्ही कामे परिषदेकडे आहेत. मान्यताप्राप्त अर्हता आणि नोंदवहीतील नाव असल्याशिवाय कुणीही हा व्यवसाय करू नये, असे या कायद्याचे तेरावे कलम सांगते. ते मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाचा आकडा आज वाचताना हसू येते, पण कैदेची तरतूद हसण्यासारखी नाही.

दुसरा कायदा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणावे, याची व्याख्या त्याच्या दुसऱ्याच कलमात आहे आणि त्या व्याख्येत शिरण्याचे दोन दरवाजे आहेत. एक, पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून मिळवलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य अर्हता. दुसरा, मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी या विषयातले, दोन वर्षांचे, पूर्णवेळ आणि पर्यवेक्षणाखालील क्लिनिकल प्रशिक्षण अंतर्भूत असलेले एम.फिल.; तेही विद्यापीठ अनुदान आयोगाला मान्य असलेल्या विद्यापीठाचे आणि पुनर्वास परिषदेने स्वीकारलेले. शनिवार-रविवारचा आणि निम्मा ऑनलाइन असा दीड वर्षाचा डिप्लोमा दुसऱ्या दरवाजातून आत जाणार नाही, हे उघड आहे. राहिला पहिला दरवाजा. तो उघडण्यासाठी त्या संस्थेचे नाव, नेमक्या याच अभ्यासक्रमासमोर, परिषदेच्या यादीत असायला हवे. ते असेल तर पुढचे बोलणे आहे. नसेल तर माहितीपत्रकावरची बाकीची सगळी विशेषणे खोडून टाकली तरी चालेल.

हे न जुमानता क्लिनिक काढले तर काय अडते, असा प्रश्न आपल्या मनात येईल आणि तो व्यवहारी आहे. सुरुवातीला कदाचित काहीच अडणार नाही; पाटी लावणाऱ्याला लगेच कुणी विचारायला येत नाही. पण बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलाच्या चाचणीचा अहवाल लागतो, न्यायालयात मत मागवले जाते, सरकारी रुग्णालयात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जागा निघते, तेव्हा पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा असतो. २०१७ च्या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आणि यादी ठेवण्याचे काम दिले आहे. आणि उपचारात काही विपरीत घडले, रुग्णाच्या नातेवाइकांनी तक्रार केली, तर त्या दिवशी आपल्या मुलीच्या मागे उभे राहायला ना परिषद असेल, ना डिप्लोमा देणारी संस्था.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. मान्यता हा सरकारी शिक्काच आहे असे मानण्याइतका अनुभव आपल्या सर्वांना सरकारी कचेऱ्यांनी दिलेला आहे, हे मी नाकारत नाही. मात्र या विशिष्ट व्यवसायात प्रशिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत सरकारी हौसेतून आलेली नाही. तिचा उगम अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये मानसिक व्याधींनी ग्रासलेल्यांची संख्या मोठी होती आणि त्यांची रुग्णालये चालवणाऱ्या व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवे होते. १९४६ मध्ये त्या खात्याने प्रशिक्षणाची योजना सुरू केली, पण विद्यार्थी कोणत्या विद्यापीठांतून घ्यावेत हे कळेना, कारण मानसशास्त्र विभाग पुष्कळ होते आणि रुग्णासमोर बसण्याची तयारी नेमकी कोण करून घेतो याची नोंद कुणाकडेच नव्हती. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनला विचारणा झाली. डेव्हिड शॅको यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये अशा प्रशिक्षणात काय असावे याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये पहिल्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली आणि १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेत, या व्यवसायातला माणूस संशोधकही असावा आणि उपचारकही, हे तत्त्व ठरले. हा क्रम नीट पाहिला तर असे दिसते की यादीची मागणी विद्यापीठांनी केली नव्हती. ती रुग्णालयाने केली होती.

आपल्याकडेही या शिक्षणाची सुरुवात रुग्णालयाच्या आवारातच झाली. बंगळूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये, म्हणजे जिला आज आपण निमहान्स म्हणतो त्या संस्थेत, १९५५ मध्ये मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजीचा पहिला अभ्यासक्रम निघाला आणि पुढे १९६२ मध्ये रांचीच्या मनोरुग्णालयात तसाच दुसरा. कायद्याच्या व्याख्येत ते जुने नाव आजही जपलेले आहे ते याचमुळे. पुस्तके तर कोणत्याही महाविद्यालयात शिकवता येतात. वॉर्ड, ओपीडी, रोज येणारे नवे रुग्ण आणि विद्यार्थ्याचे काम तपासायला बसलेला नोंदणीकृत ज्येष्ठ, ही चार गोष्टींची जोड मात्र फार थोड्या ठिकाणी एकत्र मिळते. परिषदेची तपासणी असते ती प्रामुख्याने या जोडीची: अध्यापक किती आहेत आणि त्यांची स्वतःची नोंदणी चालू आहे का, रुग्ण कोठून येतात, चाचण्यांचे संच आहेत का, एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत.

या जोडीला इतके महत्त्व का, हे एका साध्या प्रसंगावरून सांगते. विद्यार्थिनी एका रुग्णाची केस-हिस्टरी घेते, मानसिक स्थितीचे परीक्षण करते आणि ‘नैराश्य, मध्यम स्वरूपाचे’ असे लिहून फाइल पर्यवेक्षकासमोर ठेवते. पर्यवेक्षक विचारतात की झोप कमी लागते असे तू लिहिलेस, पण कमी झोपूनही थकवा येत नाही असे दिवस कधी होते का. भावाकडे विचारलेस का. आत्महत्येचा विचार आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारलेस, की रुग्णाला वाईट वाटेल म्हणून टाळलेस? ती पुन्हा वॉर्डात जाते. निदान बदलते, कधी कधी उपचारच बदलतात. दोन वर्षे असे शेकडो वेळा घडते, आणि त्यातूनच नवखेपण जाते. मी अशा फायली वर्षानुवर्षे तपासल्या आहेत, आणि माझे ठाम मत असे आहे की ऑनलाइन वर्गात चित्रफीत पाहून हे येत नाही. अनुदान आयोगानेही जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास उच्च शिक्षण संस्थांना मनाई केली आहे. खासगी डिप्लोमा त्या आदेशाबाहेर राहत असेल, तरी वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे आपल्याला त्यावरून दिसेल.

माहितीपत्रकावरील तीन दाव्यांविषयी. आय.एस.ओ. प्रमाणपत्र हे संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थेला मिळते: कागद नीट ठेवले जातात का, तक्रारींची नोंद होते का, वगैरे. अभ्यासक्रमात काय शिकवले जाते आणि शिकवणारा कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. तो दावा खरा असला तरी आपल्या कामाचा नाही.

नॅकचा दावा अधिक फसवा आहे, कारण नॅक ही संस्था खरी आणि प्रतिष्ठित आहे. १९९४ पासून ती विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे समग्र मूल्यमापन करून श्रेणी देते. पण ती श्रेणी संपूर्ण संस्थेला असते. तिथला एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम रुग्णसेवेसाठी पुरेसा आहे की नाही, हे ती सांगत नाही. शिवाय आपल्या प्रकरणात श्रेणी विद्यापीठाची आहे आणि अभ्यासक्रम दुसऱ्याच संस्थेचा, आणि दोघांना जोडणारा ‘सहकार्य’ हा शब्द मुद्दाम सैल ठेवलेला आहे. बँक नामांकित आहे म्हणून तिच्या नावाने कुणी शेजारच्या गाळ्यात काढलेली ठेव योजना खरी ठरत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. प्रमाणपत्रावर सही आणि मुद्रा कुणाची असणार, हे विचारा म्हणजे सहकार्याचे स्वरूप कळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. डिप्लोमा या शब्दाला मात्र तसे कुंपण नाही, आणि बहुतेक दुकाने म्हणूनच पदवी न विकता डिप्लोमा विकतात.

तिसरा दावा ‘आंतरराष्ट्रीय मान्यते’चा. परदेशात एखादी कंपनी नोंदवून तिला मान्यता मंडळ म्हणवून घेणे अवघड नाही. म्हणून मान्यता देणाऱ्याला कुणाची मान्यता आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या मंडळांनाही तेथील शिक्षण खाते किंवा सी.एच.ई.ए. ही परिषद पारखून घेते. मानसशास्त्रातले सर्वांत जुने मंडळ म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा मान्यता आयोग, आणि तो भारतातील कोणत्याही अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. कॅनडातील अभ्यासक्रमांना मान्यता देणेही त्याने केव्हाच थांबवले आहे. त्या असोसिएशनचे सभासदत्व पैसे भरून मिळते आणि छोटी सेवांतर्गत प्रशिक्षणे घेणाऱ्या संस्थांना तिने दिलेली मंजुरी ही निराळी गोष्ट आहे. या दोहोंपैकी एकाचे बोधचिन्ह माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात दिसले तर त्याला अभ्यासक्रमाची मान्यता समजू नये.

एम.फिल.विषयी आपण जे ऐकले ते अर्धे खरे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाला अनुसरून अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी नसून व्यवसायाचा परवाना आहे, ही गोष्ट लक्षात आणून दिल्यावर आयोगाने त्या दोन अभ्यासक्रमांना २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत मुभा दिली. ज्यांनी ती पदवी या मुदतीत रीतसर घेतली, त्यांच्या नोंदणीला धक्का नाही. त्यापुढची सोय म्हणून पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे चार वर्षांचे बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचे एम.ए. आणि साय.डी. असे अभ्यासक्रम आखले आहेत. म्हणजे रस्ता बंद झालेला नाही, त्याची पाटी बदलली आहे. संक्रमणाच्या अशा काळातच माहितीपत्रके जोरात छापली जातात, कारण गोंधळलेला पालक लवकर सही करतो.

आपल्या मुलीने प्रवेश घेण्याच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरील त्या वर्षीचे परिपत्रक आणि मान्य संस्थांची यादी स्वतः वाचावी, दुसऱ्याकडून ऐकू नये. यादी पाहताना तीन बाबी तपासाव्यात. मान्यता संस्थेला सरसकट नसते, एका अभ्यासक्रमाला असते. एखाद्या संस्थेत विशेष शिक्षणाचा बी.एड. मान्य असतो आणि तेवढ्या आधारावर ती स्वतःला ‘आर.सी.आय. मान्यताप्राप्त संस्था’ म्हणवते, ते खोटेही नसते आणि आपल्या उपयोगाचेही नसते. दुसरे, मान्यतेला मुदत असते. मुलीच्या प्रवेशाचे सत्र त्या मुदतीत बसले पाहिजे. तिसरे, जागांची संख्या ठरलेली असते, आणि मंजूर जागांपेक्षा अधिक प्रवेश दिले गेले तर वरच्या विद्यार्थ्यांची नोंदणी अडते; ही गोष्ट निकालानंतर कळली की हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. शिवाय या नव्या पदव्यांपैकी कोणत्या पदवीवर नोंदवहीत नेमकी कोणत्या वर्गात नोंद होते आणि तेवढ्या नोंदीवर स्वतंत्रपणे काम करता येते का, हे परिषदेलाच ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. एम.ए. मानसशास्त्र झालेल्या मुलीने पुन्हा क्लिनिकलचे एम.ए. करावे का, हा निर्णयही त्या उत्तरानंतरच घ्यावा.

मान्यता असली म्हणजे शिक्षण उत्तमच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. मान्यता ही किमान पातळी आहे. तिच्या वर किती अंतर चढले गेले आहे, हे तिथे शिकत असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय समजत नाही. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष पर्यवेक्षण मिळते, विद्यार्थी वॉर्डात खरोखर काम करतात की फक्त चाचण्या घेण्याचे यंत्र म्हणून वापरले जातात, किती जण मध्येच सोडून गेले आणि का, हे त्यांना विचारावे. अमेरिकेतील मान्यता आयोगाने याबाबत एक चांगला दंडक घालून दिला आहे: मान्य डॉक्टरेट अभ्यासक्रमाने पदवी पूर्ण होण्यास लागलेली वर्षे, खर्च, इंटर्नशिप मिळालेल्यांचे प्रमाण, सोडून गेलेले विद्यार्थी आणि पुढे परवाना मिळवलेले पदवीधर, हे सगळे आकडे जाहीर केलेच पाहिजेत. आपल्याकडे तसा दंडक येईल तेव्हा येईल, पण प्रश्न विचारायला कुणी अडवलेले नाही.

आपला मध्य प्रदेश या बाबतीत अगदीच रिता नाही. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला जुनी आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले होते, त्या काळातल्या दुरवस्थेच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. (बाहेरचा माणूस येऊन नोंदी मागतो तेव्हा रुग्णांना मिळणारी वागणूकही सुधारते, हे तिथे दिसले, शिक्षणाच्या तपासणीलाही मी त्याच नजरेने पाहते.) इंदूरहून भोपाळला जाताना वाटेत लागणाऱ्या सीहोर येथे राष्ट्रीय मानसिक स्वास्थ्य पुनर्वास संस्था उभी राहिली आहे आणि ती केंद्र सरकारची आहे. तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी मुलीने सर्वांत आधी करावी. प्रवेश परीक्षांपुरते बोलायचे तर निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, दिल्लीची इहबास आणि तेजपूरची मानसिक आरोग्य संस्था यांच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवावे. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी निवड न झाल्यास ते अपयश मानण्याचे कारण नाही. गुणांची अट साधारणपणे ५५ टक्क्यांची असते, ती तिने ओलांडलेली आहे.

आत्याबाईंच्या सूचनेबद्दल थोडेच लिहिते. सूचना वाईट नाही, मात्र ती इथल्या अडचणीवरचा तोडगा म्हणून स्वीकारू नये. तिकडचे पीएच.डी. किंवा साय.डी. म्हणजे इंटर्नशिपचे एक वर्ष धरून पाच-सहा वर्षे. साय.डी. हा प्रकार १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला आणि त्याचा भर उपचारावर असतो, पीएच.डी.ला पुष्कळ ठिकाणी शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, साय.डी.ला बहुधा ते मिळत नाही, आणि निवृत्त माणसाच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे. परवाना तिथे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, ई.पी.पी.पी. नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि मान्यताप्राप्त नसलेल्या अभ्यासक्रमातून आलेल्यांची वाट कित्येक राज्यांत खडतर होते. पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या डॉक्टरेटला तेथील मान्यता आयोग मान्यता देत नाही, तेव्हा घरबसल्या अमेरिकन साय.डी. देऊ करणाऱ्या जाहिरातींकडेही पाठ फिरवावी. तिकडून शिकून परत आल्यास आपली परिषद परदेशी अर्हतेची छाननी करूनच नोंदणीचा निर्णय घेते, हेही आत्याबाईंच्या कानावर घालावे.

मधल्या वर्षात मुलीने काय करावे? रिकामे बसू नये, हे तर आहेच. समुपदेशक म्हणून काम करण्यास तिला एम.ए.च्या जोरावर वाव आहे, सी.बी.एस.ई.च्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो आणि इंदुरात अशा शाळा पुष्कळ आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून इतर मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आपल्या छत्राखाली घेतले आहे, त्यामुळे त्याही वाटेवर पुढे नोंदणी लागणार, हे धरून चालावे आणि अनुभवाची पत्रे नीट जपावीत. फक्त पाटीवर किंवा चिठ्ठीवर ‘क्लिनिकल’ हा शब्द तिने लिहू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. पुनर्वास मानसशास्त्र हाही परिषदेच्या कक्षेतला एक व्यवसाय आहे आणि दिव्यांग मुलांबरोबर काम करण्याची तिला आवड असेल तर त्या शाखेचा विचार जरूर व्हावा. आवड नसेल तर केवळ नोंदणी लवकर मिळते म्हणून तिकडे वळू नये. ते काम चिकाटीचे आहे आणि मन नसलेला माणूस त्यात टिकत नाही.

आता संस्थेला पाठवायचे पत्र. साध्या कागदावर, दिनांक घालून, पोच घेऊन द्यावे. त्यात विचारावे की या डिप्लोमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, असल्यास मान्यतापत्राचा क्रमांक, मुदत आणि मंजूर जागा किती. उत्तीर्ण विद्यार्थ्याची केंद्रीय नोंदवहीत कोणत्या वर्गात नोंद होते. शिकवणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नोंदणी क्रमांक काय. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, आठवड्यातून किती तास आणि कुणाच्या पर्यवेक्षणाखाली होते. आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळते. अध्यापकांचे क्रमांक मिळाले तर ते परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहावेत. नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते, म्हणून क्रमांक असणे पुरेसे नाही, तो चालू असावा लागतो. ‘मान्यतेची प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर नकार समजावे. तोंडी उत्तर मिळाले तर ते कागदावर द्यायला सांगावे, आणि कागद द्यायला टाळाटाळ झाली तर पुन्हा जाऊ नये.

या पत्राचा मसुदा मुलीलाच करू द्यावा. आपण फक्त वाचून पाहावा. संस्थेचे लेखी उत्तर आले तर त्याची प्रत मला अवश्य पाठवावी. परिषदेच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव खरोखरच असेल, तर वर दिलेला नकार मी मागे घेईन आणि पुढच्या सदरात तसे स्पष्ट लिहीन.